फूड लायसन्स झालं, पण गाळ्यातल्या माणसांचं काय?

वागळे इस्टेटला किंवा तुर्भ्याच्या एमआयडीसीत छोटा गाळा भाड्याने घेऊन पोळी-भाजी, फरसाण, मसाले किंवा टिफिनचं काम सुरू करणाऱ्याला सगळीकडून एकच सल्ला मिळतो: "आधी फूड लायसन्स काढून घे." सल्ला बरोबर आहे, पण अर्धाच आहे. कढईतल्या तेलाची चौकशी अन्न सुरक्षा अधिकारी करतो. त्याच कढईने भाजलेल्या हाताची चौकशी दुसरं खातं करतं, दुसऱ्या कायद्याखाली, आणि त्याची रीतही वेगळी आहे. मी अशा छोट्या युनिटांची कागदपत्रं सांभाळतो. नवख्या मालकांना जे पुन्हा पुन्हा समजावून सांगावं लागतं, ते इथे क्रमाने लिहितो आहे.

आधी मूळ फरक लक्षात घ्या, म्हणजे पुढची कलमं पाठ करावी लागणार नाहीत. अन्नाचा कायदा तुम्हाला अनोळखी असलेल्या माणसासाठी आहे. महाप्याच्या ऑफिसात तुमचा डबा उघडणारी मुलगी तुमचा गाळा कधीच बघणार नाही, म्हणून तिच्या वतीने सरकार बघतं, आणि धंदा सुरू व्हायच्या आधीच बघतं. कामगार सुरक्षेचा कायदा तुमच्या मस्टरवर नाव असलेल्या माणसासाठी आहे. हा माणूस धोका रोज डोळ्यांनी बघतो, बोलू शकतो, असं तो कायदा धरून चालतो. (बोलू शकतो का, हा प्रश्न वेगळा. गावाकडून आलेला, गाळ्यातच झोपणारा पोरगा मालकाला काय बोलणार?) म्हणून पहिला कायदा पहिल्या वड्यापासून लागू होतो, तर दुसरा डोकी मोजून.

पहिलं काम: उलाढाल मोजा आणि डोकी मोजा

अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ चा. त्यात शिरायला माणसं किती, हे कोणी विचारत नाही. गाडीवर एकट्याने वडे तळणाऱ्याला नोंदणी लागते, घरी पापड लाटून विकणाऱ्या बचत गटालाही लागते. आकडा महत्त्वाचा तो उलाढालीचा. २०११ च्या नियमांनी वर्षाला १२ लाखांपर्यंत साधी नोंदणी, त्यावर राज्याचा परवाना आणि २० कोटींच्या वर केंद्राचा, अशा रेघा मारल्या. या रेघा सरकार अधूनमधून सरकवतं. त्यामुळे अर्ज भरायच्या दिवशी फॉसकॉस या फूड लायसन्सच्या सरकारी पोर्टलवरचा चालू आकडा बघा, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा तक्ता नको. फीचंही तेच. सरकारी फी पोर्टलवर लिहिलेली असते, एजंट त्यावर जे घेतो ती त्याची मजुरी.

कामगारांच्या बाजूला २१ नोव्हेंबर २०२५ पासून चित्र बदललं आहे. १९४८ चा कारखाने अधिनियम जाऊन व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थितीची २०२० ची संहिता लागू झाली. १० कामगार झाले की तुमची जागा या संहितेच्या अर्थाने आस्थापना ठरते आणि ६० दिवसांच्या आत ऑनलाइन नोंदणी करावी लागते. विजेवर उत्पादन करत असाल आणि कामगार २० झाले, तर तो कारखाना. विजेशिवाय असेल तर ४०.

फरसाणवाले आणि फराळवाले नेमके इथे फसतात. कारखाना ठरवताना आजची हजेरी बघत नाहीत, गेल्या १२ महिन्यांतल्या कुठल्याही एका दिवसाची बघतात. वर्षभर बारा माणसांवर चालणारा गाळा दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात चकल्या-चिवड्यासाठी बावीस माणसं आणतो. कणीक मळायचं मशीन आणि ग्राइंडर विजेवर चालतातच. म्हणजे त्या पंधरवड्यामुळे तुम्ही वर्षभरासाठी कारखान्याच्या व्याख्येत जाऊन बसता. ठेकेदाराची माणसं आणि रोजंदारीच्या बायकाही मोजणीत धरा. मस्टरवर नऊ आणि ओट्यापाशी चौदा हा हिशेब कागदावर कितीही शोभला, तरी अपघात मस्टर बघून होत नाही.

हॉटेल, रेस्टॉरंट आणि खाणावळ कारखान्याच्या व्याख्येबाहेर आहेत. पण १० माणसं असली की आस्थापना म्हणून त्यांनाही संहिता लागते. अडचण सेंट्रल किचनवाल्यांची आहे. बसून खायची सोय नाही, माल तयार होऊन टेम्पोने बाहेर जातो. ही खाणावळ म्हणायची की कारखाना? माणसं विसाच्या आसपास असतील तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला, म्हणजे सगळे ज्याला 'डिश' म्हणतात त्या खात्याला, लेखी विचारा आणि उत्तर फाइलला लावा. शेजारच्या गाळेवाल्याला विचारून ठरवू नका.

दुसरं काम: अन्नाची फाइल

फॉसकॉसवर अर्ज केलात की १४ आकडी नंबर मिळतो. तो दर्शनी भागात लावायचा, पाकिटावर आणि बिलावरही छापायचा. परवाना ही सुरुवात झाली. खरी परीक्षा नियमावलीच्या चौथ्या परिशिष्टाची असते. सगळे त्याला 'शेड्यूल फोर' म्हणतात. ओट्याची उंची, निचरा, पाणी, किडे-उंदीर, कपडे, नखं, सगळं त्यात आहे. त्यातून तीन कागद नक्की तयार ठेवा: पाण्याचा तपासणी अहवाल, पेस्ट कंट्रोलच्या नोंदी आणि अन्न हाताळणाऱ्या प्रत्येकाचं वर्षाकाठी घ्यायचं वैद्यकीय प्रमाणपत्र. टायफॉइडची लस याच खात्यात येते. दर २५ हाताळणाऱ्यांमागे फॉस्टॅकचं, म्हणजे अन्न सुरक्षेचं सरकारी प्रशिक्षण घेतलेला एक सुपरवायझर असावा, अशी अपेक्षा असते. छोट्या गाळ्यात हे प्रशिक्षण मालकाने स्वतः घेतलेलं उत्तम.

पक्क्या बिलांबद्दल मी जरा जास्तच आग्रही आहे. वाशीच्या एपीएमसीत कच्च्या चिठ्ठीवर मिरची पावडर दोन रुपये स्वस्त पडते, हे खरं. पण याच कायद्यात विक्रेत्याने माल देताना लेखी हमी द्यायची असते, आणि बिल किंवा कॅशमेमो म्हणजेच ती हमी असं धरलं जातं. उद्या तुमच्या चटणीत रंग सापडला, तर कलम ८० खाली तुम्ही म्हणू शकता की, मी शक्य ती सगळी काळजी घेतली होती. त्याचा पुरावा म्हणजे पुरवठादाराचा लायसन्स नंबर असलेलं ते बिल. चिठ्ठीवर हा बचाव उभा राहत नाही.

तळणाऱ्यांसाठी एकच गोष्ट: तेलातले टोटल पोलर कंपाउंड, म्हणजे तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने वाढणारे घटक, २५ टक्क्यांवर गेले की ते तेल खाण्यासाठी वापरता येत नाही. १ जुलै २०१८ पासूनचा हा नियम आहे. वापरलेलं तेल कोणाला दिलं, त्याची पावती ठेवा.

तिसरं काम: माणसांची फाइल

दहाच्या आत असाल तर ही फाइल बारीक राहते, पण रिकामी राहत नाही. दहा किंवा जास्त असाल तर नोंदणी, प्रत्येकाला नेमणूक पत्र, आणि ईएसआयसी, म्हणजे सरकारी कामगार विमा. पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत असेल तर कामगाराचे ०.७५ टक्के आणि मालकाचे ३.२५ टक्के भरायचे. त्या बदल्यात उपचार, आजारपणातला भत्ता आणि अपघातातलं अपंगत्व, सगळं त्यात येतं. वागळे इस्टेट आणि वाशी दोन्हीकडे कामगार विमा रुग्णालयं आहेत. दहाच्या आत असाल तर स्वेच्छेने ईएसआयसीत जाता येतं. नाही गेलात तर निदान डब्ल्यूसी पॉलिसी, म्हणजे कामगार भरपाईचा विमा घ्या, कारण कामावर झालेल्या इजेची भरपाई लहान मालकालाही चुकत नाही.

आगीचा कायदा तिसराच. महाराष्ट्राचा २००६ चा अग्निप्रतिबंधक कायदा सांगतो की बसवलेली यंत्रणा चालू असल्याचा 'फॉर्म बी' परवानाधारक एजन्सीकडून वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, घ्यायचा. एमआयडीसीच्या हद्दीत असाल तर एनओसीसाठी आधी एमआयडीसीच्या अग्निशमन विभागाकडे चौकशी करा, गावठाण किंवा सेक्टरमध्ये असाल तर महापालिकेच्या. एलपीजी एकूण १०० किलोपर्यंत वेगळ्या परवान्याशिवाय ठेवता येतो, म्हणजे १९ किलोचे पाच सिलिंडर. सहावा आला की हिशेब बदलतो. घरगुती लाल सिलिंडर गाळ्यात चालवायचाच नाही. महानगर गॅसची पाइपलाइन तुमच्या रस्त्यावर असेल तर हा विषयच संपतो.

दोन्ही फाइली इतक्या वेगळ्या का दिसतात? कारण दोन कायद्यांचं वळण वेगळं आहे. १९५४ चा भेसळ प्रतिबंधक कायदा बाजारात नमुना पकडून शिक्षा करणारा होता. १९४८ चा कारखान्यांचा कायदा कठड्याची उंची आणि मुतारीची संख्या मोजणारा. ब्रिटनमध्ये १९७२ साली रॉबेन्स समितीने सांगितलं की प्रत्येक यंत्रासाठी वेगळा नियम लिहीत बसण्यात अर्थ नाही, धोका ओळखायची जबाबदारी मालकावरच टाका. १९७४ चा तिकडचा कायदा तसाच झाला. आपल्याकडे भोपाळनंतर, १९८७ च्या दुरुस्तीत, कारखान्याच्या भोगवटादारावर, म्हणजे तो चालवणाऱ्यावर, असं सर्वसाधारण कर्तव्य आलं. अन्नाच्या बाजूला हाच विचार १९६० च्या दशकात नासाच्या अंतराळवीरांच्या खाण्यापासून सुरू झाला. तयार माल तपासून सुरक्षितता मिळत नाही, बनवतानाच्या धोक्याच्या जागा धरा. त्यालाच आज एचएसीसीपी म्हणतात. म्हणजे आता दोन्ही कायदे तुमच्याकडून एकच मागतात: धोका तुम्ही ओळखा, लिहून ठेवा, आणि लिहिलं तसं वागा. पण अधिकारी वेगळे, नोंदवह्या वेगळ्या, आणि एका खात्याचं प्रमाणपत्र दुसऱ्याच्या कामाला येत नाही.

चौथं काम: दोन कायदे ओट्यापाशी कुठे भांडतात ते बघा

कन्सल्टंटच्या छापील चेकलिस्टमध्ये हे सापडत नाही, कारण अन्नवाला अन्नाची यादी देतो आणि सेफ्टीवाला सेफ्टीची. तुमच्या गाळ्यात मात्र दोन्ही एकाच चटईवर उभे असतात.

लादी घ्या. स्वच्छतेसाठी ती दिवसातून अनेकदा धुवायची. पण तळणाच्या जागी तेलाचा थर आणि त्यावर पाणी पडलं की पाय सरकतो, आणि हात आधारासाठी जातो तो कढईकडे. उपाय साधे आहेत: धुण्याची वेळ तळण बंद झाल्यावरची ठेवा, लादीचा उतार नहाणी ट्रॅपकडे द्या, फ्रायरपुढे खरखरीत लादी लावा, आणि रबरी तळव्याचे बंद बूट कामगारांना तुमच्या खर्चाने द्या. स्लिपर आणि तळण एका गाळ्यात नको.

पाइप लावून धुतानाचा दुसरा धोका विजेचा. ग्राइंडरची मोटर आणि जमिनीवर लोळणारी एक्स्टेन्शन वायर. प्लग पॉइंट कमरेच्या वर, प्रत्येक मशीनला अर्थिंग, मेन बोर्डात ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारा स्विच. ईएलसीबीचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबून बघा. दाबल्यावर लाइट गेली नाही तर तो फक्त शोभेचा आहे.

हातमोज्यांचा घोळ सगळ्यात वाईट. तयार अन्न भरताना हातमोजे घातलेले चांगले, म्हणून मालक सरसकट सगळ्यांना घालायला लावतो. कणीक मळायच्या मशीनवर किंवा मिक्सरच्या फिरत्या दांड्याजवळ मोजा अडकला की तो हाताला आत ओढतो. फिरत्या मशीनवर हातमोजे नकोत. तिथे धुतलेले उघडे हात, आखूड बाह्या आणि मशीनवर जाळीचं झाकण, जे उघडलं की मशीन आपोआप बंद पडेल. अंगठी, कडं, मनगटातला दोरा काढून ठेवा हे मात्र दोन्ही कायदे एका सुरात सांगतात.

मागचा दरवाजा. उंदीर, माश्या आणि चोर यांच्या भीतीने तो कुलूपबंद असतो, समोर खोकी रचलेली असतात. आग लागली की बाहेर पडायचा तोच रस्ता. दरवाजाला आपोआप मिटणारी जाळी आणि खाली ब्रशची पट्टी लावा, आणि काम चालू असताना तो आतून एका धक्क्यात उघडला पाहिजे. गाळ्यातच माणसं झोपत असतील तर याची निकड दुप्पट आहे. खरं तर झोपूच नयेत.

सफाईची रसायनं: पाण्याच्या जुन्या बाटलीत फिनेल किंवा अ‍ॅसिड भरून ठेवायची सवय जवळजवळ प्रत्येक गाळ्यात दिसते. बाटली अन्नात ओतली गेली तर एक कायदा, कामगाराने तहानेने तोंडाला लावली तर दुसरा. ब्लीचिंग आणि टॉयलेट क्लीनरचं अ‍ॅसिड एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो. मोरीत एकटा सफाई करणारा माणूस त्यात घुसमटतो. मूळ डबे, मूळ लेबलं, वेगळं कपाट.

आणि आजारी माणूस. जुलाब, उलट्या, हाताला पू झालेली जखम असेल तर त्या माणसाला अन्नाजवळ येऊ द्यायचं नाही, हे शेड्यूल फोर स्पष्ट सांगतं. भिंतीवर पाटीही असते. पण त्या दिवसाची रोजंदारी कापली जाणार असेल तर कोण सांगेल की माझं पोट बिघडलंय? तो गोळी खाईल आणि पोळ्या लाटत बसेल. माझ्या मते अन्नाच्या सुरक्षेचा सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे आजारपणाची भरपगारी रजा. ईएसआयसीत आजारपणाचा भत्ता पगाराच्या ७० टक्के, वर्षात ९१ दिवसांपर्यंत मिळतो. पण पहिले दोन दिवस त्यात सहसा धरत नाहीत, आणि पोटाचा आजार नेमका दोन दिवसांचाच असतो. ते दोन दिवस मालकाने खिशातून द्यावेत. पाचशे-सातशे रुपयांसाठी पन्नास डबे पणाला लावू नका.

पाचवं काम: अधिकारी आल्यावर

अन्न सुरक्षा अधिकारी न सांगता येऊ शकतो. ओळखपत्र बघा, आत घ्या, सोबत फिरा. तो नमुना घेत असेल तर बाजारभावाने त्याची किंमत देतो, तुम्हाला लेखी सूचना देतो आणि नमुन्याचे चार भाग करून सील करतो. एक भाग अन्न विश्लेषकाकडे जातो, दोन पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे, म्हणजे परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याकडे राहतात. चौथा भाग मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवा, असं तुम्ही तिथल्या तिथे सांगू शकता. त्याचा खर्च तुमचा. नवे मालक घाबरून हे विसरतात. नंतर अहवाल विरुद्ध गेला की हातात काही राहत नाही. त्या अहवालाविरुद्ध ३० दिवसांत अपील करता येतं, तो दिवस कॅलेंडरवर लिहून ठेवा.

जागेत त्रुटी असतील तर बहुतेक वेळा सुधारणा नोटीस येते. तिच्यात काय चुकलं, काय करायचं आणि मुदत लिहिलेली असते. ही मुदत १४ दिवसांपेक्षा कमी नसते. मुदतीत काम करून फोटोसह उत्तर द्या. दुर्लक्ष केलंत तर परवाना आधी निलंबित होतो, मग रद्द. अस्वच्छ जागेत अन्न बनवल्याचा दंड एक लाखापर्यंत जातो.

डिशच्या अधिकाऱ्याला संहितेत निरीक्षक-नि-सुकरकर्ता असं लांबलचक नाव मिळालं आहे. म्हणजे तपासायचंही आणि सल्लाही द्यायचा. त्याचा दुसरा अर्धा भाग वापरा, प्रश्न विचारा. तो नमुना नेत नाही. मशीनचं झाकण, बाहेर पडायचा रस्ता, नोंदी बघतो, आणि कामगारांशी बोलतो. कामगारांना आधी पढवून ठेवू नका, ते लगेच कळतं. तातडीचा धोका दिसला तर तो काम थांबवू शकतो.

सहावं काम: काही घडलंच तर

कामगार जखमी होऊन ४८ तास किंवा जास्त वेळ कामावर येऊ शकला नाही, तर अपघाताची सूचना खात्याला द्यावी लागते. मृत्यू झाला तर अर्थातच. कर्तव्यात कसूर झाल्याने मृत्यू झाला असं ठरलं, तर संहितेत दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान पाच लाखांचा दंड किंवा दोन्ही आहेत, आणि त्या दंडातला निदान अर्धा भाग वारसांना द्या असं न्यायालय सांगू शकतं. अन्नाच्या कायद्यात खाणाऱ्याचा मृत्यू झाल्यास भरपाई किमान पाच लाख, गंभीर इजेला तीन लाखांपर्यंत, इतर इजेला एक लाखापर्यंत. शिक्षा वेगळीच: असुरक्षित अन्नाने मृत्यू झाल्यास किमान सात वर्षं.

पहिल्या तासात काय करायचं, हे मात्र दोन्हीकडे वेगळं आहे. बाधा झाल्याचा फोन आला तर उरलेला माल टाकून देऊन भांडी घासायला घेऊ नका. त्या बॅचची विक्री थांबवा, माल वेगळा काढून फ्रिजमध्ये ठेवा, कोणाकोणाला डबे गेले त्याची यादी काढा. रोजच्या प्रत्येक पदार्थाची एक वाटी दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवायची सवय असेल तर त्या दिवशी तिचं मोल कळतं.

मशीनमध्ये बोट गेलं तर उलट. आधी मेन बंद, माणूस दवाखान्यात, मग जागेचे फोटो, मशीनला 'वापरू नये' अशी पाटी, साक्षीदारांची नावं, आणि त्यानंतरच धुणं. रक्त उडालेली कणीक तर टाकायचीच, आणि आसपासचा उघडा मालही. मृत्यू झाला असेल तर पोलीस येईपर्यंत काहीच हलवू नका, लादीसुद्धा पुसू नका.